खंडिता आणि वंचिता : जपानी प्रणय-चित्रकथांतील एक नैतिक प्रश्न

१

फसवल्या गेलेल्या पत्नीसाठी जपानच्या आजच्या बोलीव्यवहारात 'सारेझुमा' असा एक शब्द रूढ आहे. 'सुरु' म्हणजे करणे, 'सारेरु' हे त्याचे कर्मणी रूप आणि 'त्सुमा' म्हणजे पत्नी. शब्दशः अर्थ घ्यायचा तर, जिच्या वाट्याला दुसऱ्या कोणाची तरी कृती आली आहे अशी पत्नी. ती कृती कोणती, हे शब्द उच्चारत नाही. पतीचा विवाहबाह्य संबंध तेथे गृहीतच असतो. या शब्दाची घडण समजून घ्यायची तर जपानी व्याकरणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. त्या भाषेत कर्मणी प्रयोग अकर्मक क्रियापदांचाही होतो आणि तो बहुधा उपद्रव सुचवतो. पाऊस आला, मूल रडले, नवरा मरण पावला या घटना ज्या व्यक्तीला सोसाव्या लागल्या तिला वाक्याच्या केंद्रस्थानी आणून सांगता येतात. मरणारा बाजूला राहतो. ज्याच्या नशिबी मागे उरणे आले तो वाक्याचा धनी होतो. सोसणाऱ्याला व्याकरणानेच दिलेली ही जागा एका समग्र कथाप्रकाराने आपलीशी केली आहे, असे म्हणावे लागेल.

मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, या माध्यमात १९८० च्या सुमारास प्रौढ स्त्रियांसाठी स्वतंत्र नियतकालिके निघू लागली. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचे 'बी लव्ह' आणि शुएइशाचे 'यू' ही त्यांतील आरंभीची उदाहरणे. किशोरींसाठीच्या प्रणयकथेत विवाह हा शेवट असे. येथे तो आरंभ झाला. नोकरी, सासू, मूल, न संपणारे घरकाम आणि पतीची प्रतारणा हे प्रणयकथेचे विषय झाले. पुढे चित्रकथा छापील अंकांतून मोबाईलच्या पडद्यावर आली, तेव्हा या फसवल्या गेलेल्या पत्नीचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढले. तिच्या कथांवर दूरचित्रवाणी मालिका निघाल्या, तिच्यासारख्याच कोरियन नायिकांच्या कथा जपानीत आल्या. मराठीत 'वंचित' या शब्दाचा आजचा अर्थ काहीही असो, संस्कृतात 'वंचना' म्हणजे फसवणूक. तेव्हा या नायिकेला 'वंचिता' म्हणणे दोन्ही अर्थांनी योग्य ठरेल : ती फसवली गेली आहे आणि तिच्या हक्काचे काही तिला मिळालेले नाही.

प्रश्न असा की, जी स्थिती कोणत्याही वाचकाला स्वतःच्या वाट्याला यावीशी वाटणार नाही, तिच्या वर्णनाकडे वाचक पुन्हापुन्हा का वळतो? करुणातून आनंद कसा निर्माण होतो, या जुन्या प्रश्नाचेच हे एक रूप आहे. पण येथे त्याला नैतिक प्रश्नाचीही जोड मिळते. या नायिकेबद्दल वाचकाला जी सहानुभूती वाटते ती कोणत्या अटींवर वाटते? आणि त्या अटी पाळू न शकणाऱ्या स्त्रीचे काय होते?

२

या आकर्षणाची दोन स्पष्टीकरणे सहज हाताशी येतात. पहिले सोशिकतेचे. त्याप्रमाणे, ही नायिका वाचक स्त्रीला सहन करण्याची सवय लावते. दुःख गोड करून सांगते आणि विवाहसंस्था जशीच्या तशी टिकवून धरते. दुसरे स्पष्टीकरण सूडाचे. जपानी आंतरजालीय कथांत 'झामा' नावाची एक संज्ञाच आहे. 'बघ, काय दशा झाली ती' अशा अर्थाच्या उद्गाराचे ते संक्षिप्त रूप. मराठीत 'बरी जिरली' म्हणताना जो सूर लागतो तोच तेथे आहे. ज्याने छळले त्याची अखेरीस जिरते आणि वाचकाला समाधान मिळते, असे हे स्पष्टीकरण सांगते.

पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेने ही दोन्ही सूत्रे गांभीर्याने हाताळली आहेत. टॅनिया मॉडलेस्की यांनी १९८२ च्या 'लव्हिंग विथ अ व्हेंजन्स' या ग्रंथात वरवर शरणागत दिसणाऱ्या प्रणयकथेत दडलेल्या सूडभावनेकडे लक्ष वेधले. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या 'रीडिंग द रोमान्स' मध्ये कथांइतकेच वाचनाच्या कृतीला महत्त्व दिले : दिवसभर इतरांची काळजी वाहणारी स्त्री पुस्तक उघडते, तेव्हा काही काळ ती कोणाच्याही हाकेला ओ देत नाही, आणि नायकाच्या रूपाने स्वतःची काळजी घेतली जाण्याचा अनुभव घेते. हे विवेचन अमेरिकन व इंग्रजी प्रणयकादंबरीचे असले तरी त्याचा काही भाग जपानी चित्रकथेलाही लागू पडतो. आगितोगी आकुमी यांच्या, २०१९ पासून पुस्तकरूपाने येऊ लागलेल्या आणि चित्रकथेच्या रूपानेही गाजलेल्या 'वाताशि नो शिआवासे ना केक्कोन' ('माझा सुखी विवाह') या कथेतील मियो ही नायिका माहेरी सावत्र आईकडून दासीसारखी वागवली गेलेली आहे. तिला पहिल्यांदा दिलासा मिळतो तो तिने केलेल्या स्वयंपाकाची कोणीतरी दखल घेतल्यामुळे. तेथे रॅडवे यांचे म्हणणे जणू उदाहरणासह सिद्ध होते.

तरीही वंचितेच्या कथांची रचना बारकाईने पाहिली तर ही स्पष्टीकरणे अपुरी पडतात. निव्वळ सोशिकता हे आकर्षण असते तर कथेला गौप्यस्फोटाची गरज नसती. निव्वळ सूड हे आकर्षण असते तर सूडाच्या प्रसंगांनी कथा व्यापली असती. प्रत्यक्षात या कथांचा फार मोठा भाग शोधात जातो. सदऱ्याला येणारा अनोळखी गंध, खिशातील पावती, फोनचा पालथा ठेवलेला पडदा, उशिरा घरी येण्याची पुन्हापुन्हा तीच सबब. मग खासगी तपासनीस, छायाचित्रे, वकिलाचे कार्यालय, कागदांवरच्या सह्या. कथा जणू पुराव्याच्या दिशेने चालते. तेव्हा विचारायला हवे ते असे की, पुरावा हाती येण्याचा क्षण वाचकाला इतका मोलाचा का वाटतो?

३

उत्तर शोधण्याआधी या नायिकेची पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे, कारण जपानी परंपरेत फसवली गेलेली स्त्री नवी नाही. नवे आहे ते तिचे शिंगांवाचून असणे.

'कानावा' या नो नाटकात पतीने दुसरीसाठी टाकलेली क्योतोची एक स्त्री रात्रीमागून रात्री किबुने देवस्थानाकडे चालत जाते. तिला कौल मिळतो : लोखंडी तिवई डोक्यावर उलटी धारण कर, तिच्या पायांवर ज्योती पेटव, मनात क्रोध धर, म्हणजे तू राक्षसी होशील. ती होते, परंतु आबे नो सेइमेई या मांत्रिकाच्या विधीपुढे तिला माघार घ्यावी लागते. 'आओइ नो उए' या नाटकाची रचना याहून विलक्षण आहे. गेंजीची विवाहित पत्नी आओइ आजारी आहे, पण तिची भूमिका करणारा नटच नाही. रंगमंचाच्या पुढच्या भागी अंथरलेले एक वस्त्र म्हणजे आओइ. गेंजीकडून अवमानित झालेल्या रोकुजो या प्रेयसीचा आत्मा त्या वस्त्रावर तुटून पडतो. एकीला देह नाही, दुसरीला देहाबाहेर पडलेला क्रोध आहे, आणि ज्याच्यामुळे हे घडले तो पुरुष रंगमंचावर येतच नाही. रोकुजोच्या या अवस्थेसाठी वापरल्या जाणाऱ्या शिंगधारी मुखवट्याचे नाव 'हान्न्या'. हे 'प्रज्ञा' या शब्दाचेच जपानी रूप आहे. मुखवट्याला हे नाव कसे पडले याविषयी एकाहून अधिक मते आहेत. पण मत्सराने विद्रूप झालेल्या स्त्रीमुखाला प्रज्ञेचे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी विचारप्रवर्तक आहे. पारंपरिक विवाहात वधूच्या मस्तकावर बांधल्या जाणाऱ्या पांढऱ्या वस्त्राला 'त्सुनोकाकुशी', म्हणजे शिंगे झाकणारे, म्हणतात. लोकसमजुतीनुसार ती शिंगे मत्सराची. म्हणजे अन्याय घडण्यापूर्वीच अन्यायाबद्दलच्या क्रोधाचा बंदोबस्त करून ठेवलेला!

१८२५ साली एदो येथे रंगभूमीवर आलेल्या त्सुरुया नाम्बोकु (चौथा) याच्या 'योत्सुया काइदान' मधील ओइवा ही या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध पत्नी. शेजारच्या घरातून औषध म्हणून आलेल्या विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो, पती इएमोन दुसरा विवाह करतो, आणि ती मरणोत्तर पिशाच होऊन त्याचा पाठलाग करते. प्रेक्षकांची सहानुभूती ओइवाकडे असते यात शंका नाही. पण त्या सहानुभूतीत भीती मिसळलेली आहे. या साऱ्या कृतींत अन्याय झालेल्या स्त्रीला बोलता येण्यासाठी आधी माणूसपण सोडावे लागते. ती जिवंत, सावध आणि घरात बसलेली असताना तिची तक्रार ऐकण्याची सोय कोठेच नाही.

४

ही सोय विसाव्या शतकात हळूहळू झाली, आणि ती कायद्याने केली. १८९८ च्या नागरी संहितेनुसार पत्नीचा व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण होते; पतीचा व्यभिचार मात्र परस्त्रीच्या पतीचा अपराध ठरून त्याला शिक्षा झाली असेल तरच कारण होई. १९०७ च्या दंडसंहितेने व्यभिचारासाठी विवाहित स्त्रीला आणि तिच्या जाराला शिक्षा सांगितली. अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवणारा पती तीत बसतच नव्हता. १९४७ मध्ये दंडसंहितेतील हे कलम रद्द झाले आणि घटस्फोटाच्या कारणांबाबत पतिपत्नी समान पातळीवर आले. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात, दुसऱ्या स्त्रीपासून मूल झालेल्या पतीनेच घटस्फोट मागितला होता. न्यायालयाने तो नाकारला. असा घटस्फोट दिला तर पत्नीला आधी तुडवल्यासारखे आणि वर लाथाडल्यासारखे होईल, अशा अर्थाच्या लौकिक वाक्प्रचारामुळे तो निर्णय आजही ओळखला जातो. १९७९ मध्ये पतीशी संबंध ठेवणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीकडूनही पत्नीला मनस्तापाची भरपाई मागता येईल, असे त्याच न्यायालयाने म्हटले. १९८७ मध्ये मात्र विस्तारित पीठाने, सुमारे ३६ वर्षे विभक्त राहिलेल्या जोडप्याच्या प्रकरणात, दोषी पक्षालाही काही अटींवर घटस्फोट मागता येईल असे ठरवले.

या घडामोडींचा चित्रकथेवर थेट परिणाम झाला, असे कार्यकारण मांडणे भाबडेपणाचे होईल. पण कथेला लागणारी भाषा त्यांनी पुरवली, एवढे निश्चित. आता वंचितेला शिंगांची गरज उरली नाही. शिंगांची जागा पुराव्याने घेतली.

येथे संस्कृत काव्यशास्त्रातील खंडिता नायिकेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भरताच्या अष्टनायिकांपैकी ही एक. दुसरीकडे रात्र घालवून परतलेल्या प्रियकराच्या अंगावरची चिन्हे पाहून ती दुखावते. पुढच्या कवींनी त्या चिन्हांचे संकेतच बनवले : त्याच्या ओठांवरचे काजळ, कपाळावरचा अळित्याचा ठसा. म्हणजे पुरावा तेथेही आहे, आणि तोही प्रियकराच्या देहावरच लिहिलेला. परंतु तो पुरावा न्यायाकडे नेत नाही. तो मानाकडे नेतो, आणि मान अनुनयाकडे. खंडितेचा अन्याय शृंगाराच्या चौकटीतच सुरू होतो आणि तेथेच विरतो. तिचा राग हे तिच्या सौंदर्याचे एक अंग ठरते. वंचितेची गोष्ट याहून वेगळी आहे. तिच्या हाती आलेली चिन्हे काव्यसंकेत नसून कागदपत्रे असतात. खंडितेच्या रागाचा आस्वाद घेता येतो. वंचितेच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावा लागतो. रसिकाचा येथे साक्षीदार झालेला आहे.

५

साक्षीदार होण्यात आनंद कोणता? पीटर ब्रुक्स यांनी १९७६ च्या 'द मेलोड्रामॅटिक इमॅजिनेशन' या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, अतिनाट्याचे सार सद्गुणाच्या विजयात नसून सद्गुण ओळखला जाण्यात आहे. धर्माचा आधार सुटलेल्या जगात नैतिक अर्थ पुन्हा वाचता यावा, यासाठी तो प्रकार धडपडतो. वंचितेच्या कथेला हे सूत्र लागू पडते. पण विवाहाच्या संदर्भात त्याला एक पुस्ती जोडावी लागते.

संसारातील बहुतेक अन्याय निनावी असतात. जेवणाच्या ताटावरून न बोलता उठून जाणे, आजारपणात विचारपूस न होणे, वर्षानुवर्षे केलेल्या कामाची दखल न घेतली जाणे, आपले म्हणणे पुरे होण्याआधीच त्याचे उत्तर आलेले असणे. यांतील एकेक गोष्ट सांगायला गेले तर ती क्षुल्लक वाटते. सगळ्या मिळून एखाद्याचे आयुष्य कुरतडतात. त्यांच्यासाठी ना कलम आहे, ना पुरावा, ना साक्षीदार. प्रतारणा हा मात्र असा अन्याय आहे की ज्याला नाव आहे, तारीख आहे, छायाचित्र आहे आणि भरपाईची रक्कमही आहे. वंचितेच्या कथेत निनावी अन्याय या नाव असलेल्या अन्यायाच्या छपराखाली येऊन उभे राहतात. म्हणूनच पतीवर कसलाही संशय नसलेली वाचक स्त्रीही ही कथा आपली मानू शकते. तिला प्रतारणेत रस असतोच असे नाही. तिला रस असतो तो, काहीतरी चुकते आहे ही अस्पष्ट जाणीव एका क्षणी सिद्ध होण्यात. 'मला उगाच वाटत नव्हते' हा या कथांतील नायिकेचा खरा विजयोद्गार असतो. सूड त्यानंतरचा आणि बराचसा उपचारापुरता.

चित्रकथेचे माध्यम या साक्षीसाठी विशेष अनुकूल आहे. १९४९ च्या आसपास जन्मलेल्या हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको प्रभृती लेखिकांनी १९७० नंतरच्या दशकात किशोरींच्या चित्रकथेला जे वळण दिले, त्यात मनोगताला संवादाच्या फुग्याबाहेर काढून पानभर मोकळे सोडण्याची रीत महत्त्वाची होती. फुग्यातले बोलणे घरातल्यांसाठी. फुग्याबाहेरचे केवळ वाचकासाठी. नायिका फुग्यात 'दमला असाल' म्हणते आणि फुग्याबाहेर गप्प राहते, तेव्हा ती गप्प आहे हे जगात फक्त वाचकाला ठाऊक असते. वाचक तिच्या दुःखाचा एकमेव भागीदार होतो.

यामातो वाकी यांची 'आसाकि युमेमिशी' (१९७९ ते १९९३) ही 'गेंजी मोनोगातारी' वर आधारलेली चित्रकथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या त्या कादंबरीत, चाळिशीला आलेला गेंजी एका राजकन्येशी विवाह करतो. बालपणापासून त्याने वाढवलेली आणि त्याचे घर सांभाळणारी मुरासाकी नव्या वधूकडे निघालेल्या गेंजीची वस्त्रे नेहमीपेक्षा अधिक काळजीने सुगंधित करून देते. यात कोणताही नियम मोडलेला नाही. बहुपत्नीत्व रूढ आहे, राजकन्येचा दर्जा वरचा आहे, गेंजी आर्जवाने वागतो आहे. मुरासाकीजवळ तक्रारीला शब्दच नाही. पुढे ती पुन्हापुन्हा संन्यास मागते आणि तिच्यावरील प्रेमाचे कारण देऊन तो पुन्हापुन्हा नाकारला जातो. पुरावा नसलेल्या अन्यायाचे इतके पूर्ण चित्र जागतिक वाङ्मयात विरळाच. आजच्या वंचितेच्या मागे, छायाचित्रांच्या आणि सह्यांच्या पलीकडे, ही वस्त्रांना धूप देणारी स्त्री उभी असते. वाचकाला खरे तर तिच्यासाठीच न्याय हवा असतो.

६

परंतु नाव असलेल्या अन्यायाच्या छपराखाली येण्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत म्हणजे निष्पापता.

करुणा अपात्री आलेल्या दुःखामुळे जागी होते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. आणि अपात्री आलेले सुख पाहून होणारा संताप हा त्याच सद्वृत्तीचा दुसरा पैलू आहे, असेही त्याने म्हटले आहे. वंचितेच्या कथेत या दोन्ही भावनांची वाटणी काटेकोर असते : करुणा पत्नीकडे, संताप 'दुसरी'कडे. ही वाटणी बिघडू नये म्हणून पत्नीला डागविरहित ठेवावे लागते. तिने स्वयंपाक चोख करावा, मुलाला जपावे, संशय घेतानाही आधी स्वतःलाच दोष द्यावा. तिच्या हातून काही चूक झालीच तर ती अतिप्रेमाची असावी. जेथे तक्रारीचा अधिकार चारित्र्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतो, तेथे सहानुभूती ही एक प्रकारची परीक्षाच ठरते. ओइवाला ऐकले जाण्यासाठी पिशाच व्हावे लागले. वंचितेला ऐकले जाण्यासाठी देवता व्हावे लागते. सामान्य, चिडकी, आळशी, कधी खोटे बोलणारी स्त्री अन्यायग्रस्त असू शकते, ही शक्यता दोन्हीकडे अनुत्तरितच राहते.

हा प्रश्न स्त्रीत्वाचा आहे की स्थानाचा, याची कसोटी सेमोतो चिका यांच्या 'सारेता गावा नो ब्लू' या चित्रकथेत आपोआप लागते. शीर्षकातील 'सारेता गावा' म्हणजे 'ज्यांच्या बाबतीत केले गेले ती बाजू'. २०२१ मध्ये मालिकारूपानेही आलेल्या या कथेत फसवला जातो तो पती. तो प्रेमळ आहे, घरकामात तत्पर आहे, पत्नीसाठी मनापासून स्वयंपाक करतो. म्हणजे पुरुष वंचित झाला की त्यालाही आदर्श गृहिणीचे गुण अंगी बाणवावे लागतात! निष्पापतेची अट लिंगापेक्षा 'बाजू'शी बांधलेली आहे, आणि त्या बाजूची वेशभूषा मात्र अजून गृहिणीचीच आहे.

कोयामा युकारी (कथा) आणि कुसाकाबे एरिझा (चित्रे) यांच्या 'हॉलिडे लव्ह' मध्ये, जिच्यावर २०१८ मध्ये मालिका निघाली, ही अट आतून तडकते. नायिका आन्झु घरीच नखसजावटीचा व्यवसाय करते. बदलीमुळे दूर राहणारा पती रिना नावाच्या विवाहितेत गुंततो. रिना ही या प्रकारातील रीतसर 'दुसरी' आहे : गोड बोलणारी, कावेबाज, घर फोडू पाहणारी. पण रिनाच्या स्वतःच्या घरी काय आहे, हे कथा दाखवते. तिचा पती तिला शब्दाशब्दाने खच्ची करणारा, तिच्या प्रत्येक हालचालीचा जाब घेणारा आहे. म्हणजे या कथेत वंचिता दोन आहेत. एकीच्या अन्यायाला नाव आहे, दुसरीच्या अन्यायाला नाव नाही. एकीकडे पुरावे आहेत, दुसरीकडे केवळ रोजचे जेवण आणि त्या जेवणावरची शेरेबाजी. आणि निनावी अन्याय सोसणारीच नाव असलेला अन्याय करणारी ठरते. वाचकाचा संताप रिनावर स्थिरावतो; तिच्या घराचे दार उघडल्यावर तो क्षणभर अडखळतो. कथेचे मूल्य त्या अडखळण्यात आहे. रिनाच्या कृत्याचे समर्थन होत नाही आणि तरीही तिचे दुःख खोटे ठरत नाही, ही दोन वाक्ये एकत्र धरून ठेवणे हेच येथे वाचकाचे नैतिक काम आहे.

७

हारुनो हारु यांच्या २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'आनाता गा शिते कुरेनाकुतेमो' ('तुम्ही केले नाहीत तरी') या चित्रकथेचे शीर्षकच कर्मणी प्रयोगाच्या उलट दिशेने जाते. येथे पतीने काही केले आहे म्हणून नव्हे, तर काही केले नाही म्हणून अन्याय आहे. मिचीच्या संसाराला पाच वर्षे झाली आहेत आणि त्यांतील दोन वर्षे पतीने तिला जवळ घेतलेले नाही. तो वाईट माणूस नाही. तक्रार करायला गेले तर तक्रारच हास्यास्पद वाटावी, अशी ही स्थिती. मुरासाकीनंतर हजार वर्षांनी पुन्हा एक निनावी अन्याय कथेच्या केंद्रस्थानी येतो. पण आता मिची आपल्यासारख्याच दुःखात असलेल्या एका विवाहित सहकाऱ्याकडे ओढली जाते, आणि पुढे पतीही वाट चुकतो. 'केली गेलेली' आणि 'केलेली' या बाजूंची सीमारेषा पुसट होते. आता वाचकाने कोणाची साक्ष द्यावी? निष्पापतेची अट लावली तर येथे सहानुभूतीला कोणीच पात्र उरत नाही. अट सोडली तर प्रत्येकाचे दुःख दिसू लागते, पण पुरावा हाती आल्याचा तो स्वच्छ आनंद मिळत नाही. ही कथा तो आनंद नाकारते आणि त्याच्या बदल्यात वाचकाची नजर अधिक प्रौढ करते.

या प्रौढपणाचे जुने उदाहरण जपानी परंपरेतच आहे. चिकामात्सु मोन्झाएमोन याच्या १७२१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शिन्जू तेन नो आमिजिमा' या बाहुलीनाट्यात कागदाचा व्यापारी जिहेइ हा कोहारु नावाच्या गणिकेत गुंतलेला आहे. त्याची पत्नी ओसान हिने गुप्तपणे कोहारुला पत्र लिहून पतीचा नाद सोडण्याची विनवणी केलेली असते, आणि कोहारुने ती मान्य केलेली असते. पुढे कोहारुला दुसराच कोणी विकत घेणार असे कळताच ओसानच्या ध्यानात येते की, ती आता जीव देईल. तेव्हा तिला वाचवण्यासाठी ओसान साठवलेले पैसे काढते, स्वतःचे आणि मुलांचे कपडे गहाण टाकायला निघते. ज्या स्त्रीमुळे आपला संसार मोडला तिच्यावरचे संकट तिला दिसते, कारण दिलेला शब्द पाळणारी माणूस म्हणून ती तिला ओळखते. तिचा बाप मात्र तिला ओढत माहेरी नेतो, आणि नाटकाचा शेवट जिहेइ व कोहारु यांच्या सहमरणात होतो. ओसानच्या वाट्याला न्याय येत नाही. पण तिची नजर शाबूत राहते.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. ओसानला आदर्श मानून प्रत्येक वंचितेने तसेच वागावे अशी अपेक्षा धरली, तर निष्पापतेच्या अटीत औदार्याची आणखी एक अट वाढते. जिच्यावर अन्याय झाला तिनेच इतरांचे दुःखही समजून घ्यावे, हा सोशिकतेचाच सुधारलेला पाठ होय, आणि तो पाठ स्त्रियांना फार वेळा देऊन झालेला आहे. आन्झुने रिनाला क्षमा करावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मिचीने कोणता निर्णय घ्यावा, हेही समीक्षेने सांगायचे नसते.

ही अपेक्षा नायिकेकडून नव्हे, वाचकाकडून करता येते. आन्झु घायाळ आहे. तिला रिनाचे घर दिसत नाही आणि दिसले पाहिजे असेही नाही. वाचक घायाळ नाही. त्याच्यासमोर दोन्ही घरांची चित्रे एकाच पानावर मांडलेली आहेत, फुग्यातले बोलणे आणि फुग्याबाहेरचे मौन दोन्ही त्याला ठाऊक आहे. वंचितेच्या कथांचे आकर्षण विकृत नाही आणि क्षुद्रही नाही. अन्यायाला नाव मिळावे ही भूक रास्त आहे. मात्र ती भागल्यानंतर वाचक कोठे थांबतो, यावर त्याच्या सहानुभूतीची प्रत ठरते. नाव मिळालेल्या अन्यायापाशीच तो थांबला, तर नाव न मिळालेले सगळे अन्याय त्याने दुसऱ्यांदा अदृश्य केलेले असतात. त्यातच ती स्त्रीही अदृश्य होते, जी नेटकी नाही, सोशिक नाही, जिच्याजवळ छायाचित्रे नाहीत, आणि जी तरीही खरेच सांगत असते.